फादर, पाद्री, पाळक, वडील : एका यादीच्या निमित्ताने

मराठीत पत्र लिहिणे ही एके काळी चांगलीच परीक्षा असे. मजकूर सुचण्याआधी मायना ठरवावा लागे, आणि मायना ठरवायचा तर ज्याला पत्र जायचे त्याचे वय, नाते, विद्या, अधिकार, बाई असल्यास तिचा नवरा हयात आहे की नाही, इतके सगळे आधी ठाऊक असावे लागे. चिरंजीव, सौभाग्यवती, गंगाभागीरथी, राजमान्य राजश्री, वेदशास्त्रसंपन्न, हरिभक्तपरायण ही नुसती विशेषणे नव्हती. समाजाच्या उतरंडीत तो माणूस कोठे उभा आहे हे त्यांवरून कळे. त्यातही एक बारकावा होता. स्वतःच्या वडिलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ लिहायचे, आणि वडिलांच्या ठिकाणी असलेल्या बाहेरच्या माणसाला ‘तीर्थस्वरूप’. आता अशी पत्रे फारशी कोणी लिहीत नाही. तरी लग्नपत्रिकांत, श्रद्धांजलीच्या फलकांवर आणि स्मरणिकांत ही सारी विशेषणे अजून सुखाने नांदत आहेत.

या व्यवस्थेत ख्रिस्ती धर्मोपदेशकाला कोठे बसवायचे हा प्रश्न मराठीला गेली चारशे वर्षे पडलेला आहे. आमच्यापुढे तो आला तो चिंचपाड्यात, आणि तोही मुद्रितशोधनाच्या अगदी साध्या कामातून. नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातले हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे. येथून गुजरात हाकेच्या अंतरावर. आसपासची वस्ती मुख्यतः आदिवासी : गावित, मावची, भिल्ल, कोकणी. गावातले ख्रिस्ती रुग्णालय गेल्या शतकाच्या चाळिशीपासून चालू आहे आणि पंचक्रोशीत ख्रिस्ती मंडळ्याही जुन्या आहेत. त्यांपैकी एका मंडळीने स्मरणिका काढायची ठरवली आणि ‘मराठीचे मास्तर’ म्हणून तिची मुद्रिते आमच्याकडे आली. तीत मंडळीची सेवा केलेल्यांची एक यादी होती. जुन्या हस्तलिखित वहीवरून उतरवलेली.

या यादीत तीन प्रकारची माणसे होती. पहिली परदेशी. त्यांच्या नावाआधी ‘रेव्ह.’ किंवा ‘डॉ.’, काहींच्या आधी दोन्ही. दुसरी नगर-पुण्याकडून शिकून आलेली, त्यांनाही ‘रेव्ह.’ होते, निदान ‘श्री.’ तरी होतेच. तिसरी इथलीच, आदिवासी. त्यांच्या नावाआधी काहीच नव्हते. नुसते पहिले नाव आणि गाव. हुद्द्याच्या रकान्यात कोठे ‘सुवार्तिक’, कोठे रिकामी जागा. गंमत अशी की मंडळीतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावे तर आठवणी निघत त्या या तिसऱ्या गटाच्याच. पावसाळ्यात नाला ओलांडून कोण आले, आजाऱ्याजवळ रात्रभर कोण बसले, पाटीवर अक्षरे कोणी गिरवून घेतली, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे त्या बिनउपाधीच्या नावांत होती. जुळारी मुलाने आम्हांला सरळ विचारले : “सर, यांच्या नावाआधी काय टाकू?”

उत्तर देण्याआधी आम्ही आधीच्या नावांपुढे काय टाकले आहे ते नीट पाहू लागलो. ‘रेव्हरंड’ हा शब्द लॅटिनमधला. क्रियापदापासून बनलेले ते विशेषण आहे आणि त्याचा अर्थ ‘ज्याचा आदर करावा असा’. म्हणजे संस्कृतातल्या कृत्य प्रत्ययांनी जे होते तेच. पूज्य, मान्य, आदरणीय. इंग्रजीत हे विशेषण नुसत्या आडनावाला लावणे शिष्टसंमत मानत नाहीत. पूर्ण नाव लागते. मराठीने हा नियम कधीच मानला नाही. ‘रेव्ह. टिळक’ असे आपण बेधडक म्हणतो, आणि बोलताना तर ‘रेव्हरंडसाहेब’ही. विशेषणाचे नाम करून त्याला वर ‘साहेब’ जोडण्याची ही आपली खास रीत आहे. ‘भंते’ हे मुळात पालीतले संबोधन. पण १९५६ नंतर महाराष्ट्रात ते घरोघर पोचले आणि त्याचे ‘भंतेजी’ झाले. एक आदर पुरेसा वाटत नाही, तेव्हा मराठी माणूस त्यावर दुसरा चढवतो.

‘रेव्ह. टिळक’ या उपाधीने मराठी वाङ्मयात आणखी एक काम केले आहे. टिळक म्हटले की आधी लोकमान्य डोळ्यांपुढे येतात. नारायण वामन टिळकांना वेगळे ओळखण्यासाठी ‘रेव्हरंड’ लागते. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेला, १९१९ साली वारलेला हा कवी आयुष्याच्या अखेरीस मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ उभारू पाहत होता. संन्यस्त वृत्तीने राहू पाहणाऱ्या या माणसाला पाठ्यपुस्तकांनी मात्र ‘रेव्हरंड’च ठेवले. लक्ष्मीबाई ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्यांचा उल्लेख सरळ ‘टिळक’ असा करतात. तेवढ्या एका आडनावात त्यांनी राग, कौतुक, थट्टा आणि भक्ती हे सारे मावून घेतले आहे. कोणतीही उपाधी त्यात भर घालू शकली नसती.

त्या पिढीतली इतर नावेही पाहण्यासारखी आहेत. नीळकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले आणि पुढे ‘फादर गोरे’ म्हणून ओळखले गेले. त्यांची विद्या तीच राहिली, शास्त्रार्थाची सवयही तीच. उपाधी तेवढी पालटली. पंडिता रमाबाईंचे उलटे झाले. ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी दिल्या. १८८३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तरी ‘पंडिता’ गळून पडले नाही. एका धर्माच्या विद्वानांनी दिलेली पदवी दुसऱ्या धर्मात जाऊनही टिकली आणि मृत्यूनंतर शंभर वर्षांनीही ती त्यांच्या नावाचा भागच आहे. बाबा पदमनजींच्या बाबतीत तर जन्मनावच ‘बाबा’. ते धर्मोपदेशक झाले तेव्हा पित्याचा अर्थ त्यांच्या नावात आधीपासून बसलेला होता.

पिता या शब्दापाशी मात्र ख्रिस्ती जगात मोठा वाद आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना बजावतो की स्वतःला रब्बी म्हणवून घेऊ नका आणि पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. रब्बी म्हणजे ‘माझे स्वामी’. ‘मौलाना’चा अर्थ ‘आमचे स्वामी’, ‘मॉन्सिन्योर’चा ‘माझे स्वामी’. वेगवेगळ्या धर्मांतल्या माणसांनी आपापल्या धर्मगुरूला एकाच शब्दाने हाक मारलेली दिसते. कॅथलिकांनी या वचनाचा अर्थ मनोवृत्तीपुरता घेतला आणि ‘फादर’ ठेवले. प्रॉटेस्टंटांनी तो शब्दशः घेतला आणि ‘फादर’ बहुतेक ठिकाणी टाकले. म्हणून वसईत ‘फादर’ आणि खानदेशात ‘पाळक’ किंवा ‘पास्टर’. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याकडे आले, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्यांना ‘फादर दिब्रिटो’च लिहिले. २०२४ साली ते गेले तेव्हाही तसेच. ज्यांनी आयुष्यात चर्चची पायरी चढली नाही अशा वाचकांच्या तोंडीही ‘फादर’ हा शब्द सहज बसला होता.

पण पिता टाळणाऱ्या मराठी प्रॉटेस्टंटांनी आणखी एक शब्द वापरात आणला आहे, आणि तो आहे ‘वडील’. मंडळीचा कारभार पाहणाऱ्या जबाबदार सभासदाला ते ‘वडील’ म्हणतात. बायबलमधल्या ‘प्रेस्बिटर’ या ग्रीक शब्दाचे, म्हणजे ‘वयाने मोठा’ याचे, ते भाषांतर आहे; इंग्रजीतला ‘प्रीस्ट’ही याच ग्रीक शब्दातून झिजत आला आहे. पण मराठी ‘वडील’ या एका शब्दात जन्मदाता आणि वयाने मोठा हे दोन्ही अर्थ नांदतात. पिता दाराबाहेर ठेवला आणि वडील खिडकीतून आत आले, असे कोणी थट्टेने म्हणेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्या भाषेने तीर्थरूप आणि तीर्थस्वरूप यांत फरक केला तिला हा पेच नवा नाही. जन्माचा बाप एकच; बापाच्या ठिकाणी असलेली माणसे अनेक, आणि त्यांना तसे म्हणताना पहिल्याचे काही कमी होत नाही. मत्तयाच्या त्या वचनावर मराठी मायन्याने आपल्या परीने आधीच भाष्य करून ठेवले होते.

‘पाद्री’चा प्रवास तर याहून लांबचा. पोर्तुगिजांनी ‘पाद्रे’ आणला. अर्थ पुन्हा पिताच. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि १६१६ साली त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. त्यात श्रोत्यांच्या शंकांना उत्तर देणारा वक्ता ‘पाद्री गुरू’ आहे. परकी उपाधी आणि देशी उपाधी शेजारी शेजारी बसवून त्यांनी एकच नाव केले. पुढे हिंदुस्थानातल्या इंग्रज पलटणींनी हा शब्द उचलला. १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात त्याची नोंद आहे. आजही ब्रिटिश सैन्यातल्या धर्मोपदेशकाला, त्याचा दर्जा कोणताही असो, ‘पाद्रे’ अशीच हाक मारतात. अमेरिकी सैन्यात त्याला ‘चॅप्लिन’ म्हणतात; तो कॅप्टन असो वा कर्नल. ब्रिटिश नौदलात तर त्याला दर्जाच नाही. ज्याच्याशी तो बोलत असेल त्याच्या दर्जाचा तो, असा तिथला संकेत आहे. पहिल्या महायुद्धात जेफ्री स्टडर्ट केनेडी नावाचा एक धर्मोपदेशक खंदकांतून सिगारेटी वाटत हिंडे. शिपायांनी त्या सिगारेटीच्या नावावरून त्याला ‘वुडबाईन विली’ म्हणायला सुरुवात केली. हे नाव कोणत्याही धर्मपीठाने दिलेले नव्हते, पण टिकले तेच.

‘चॅप्लिन’ हा शब्दही मुळात शिपायाच्या अंगावरून आला आहे. तूरचा संत मार्टिन हा चौथ्या शतकातला रोमन सैनिक. कडाक्याच्या थंडीत त्याने आपला झगा तलवारीने कापून अर्धा एका भिकाऱ्याला दिला, अशी कथा आहे. तो झगा फ्रँक राजे पुढे पवित्र अवशेष म्हणून जपत आणि लढाईवर जाताना बरोबर नेत. झग्याला लॅटिनमध्ये ‘काप्पा’, त्याच्या लहान रूपाला ‘काप्पेला’. त्याची राखण करणारे ते ‘काप्पेलानी’. त्यावरून चॅप्लिन, आणि झगा ठेवायची जागा ती चॅपेल. मिशनच्या रुग्णालयांत आजाऱ्यांच्या खाटेजवळ बसून प्रार्थना करणाऱ्या माणसालाही चॅप्लिनच म्हणतात. त्या शब्दात एका फाटलेल्या कापडाची आठवण आहे हे त्यांतल्या कितीकांना ठाऊक असेल कोण जाणे.

भारतीय सैन्याने ही व्यवस्था आपल्या पद्धतीने लावली. धर्मगुरूचे पद तेथे नायब सुभेदाराच्या दर्जाने सुरू होते आणि त्याचे अधिकृत इंग्रजी नाव ‘रिलिजस टीचर’, म्हणजे धर्मशिक्षक. त्यात पंडित आहेत, ग्रंथी आहेत, सुन्नी व शिया मौलवी आहेत, पाद्री आहेत, बौद्ध भिक्खू आहेत. अंत्यविधी करणे, रुग्णालयातल्या आजाऱ्यांना भेटणे, शिक्षा भोगणाऱ्या जवानांची विचारपूस करणे ही त्यांची कामे. पूजा सांगणाऱ्याला शिक्षक म्हणणे आपल्याला परके वाटू नये. आपल्याकडे मुंज लावणारेही गुरुजी आणि पाढे घोकवून घेणारेही गुरुजी. अमळनेरला शिकवणारे साने गुरुजी तर खानदेशातलेच.

स्मरणिकेच्या कामातच आमची गाठ सैन्यातून निवृत्त झालेल्या एका हवालदारांशी पडली. ते याच मंडळीतले. त्यांच्या पलटणीत पाद्री नव्हता, पंडित होते. नाताळला ‘सर्व धर्म स्थल’ उघडून देत ते पंडितजीच, आणि शास्त्रपाठ वाचत ते हवालदार स्वतः. वडील वारल्याचा निरोप आला आणि वाट बर्फाने बंद होती, त्या रात्री पंडितजी त्यांच्याजवळ बसून राहिले. पंडितजींनी मंत्र म्हटले नाहीत, की उपदेश केला नाही. “ते मला ‘बेटा’ म्हणाले,” एवढेच हवालदारांनी सांगितले. मग थोडे थांबून म्हणाले, “सर, सैन्यात मला कोणी उगाच अरेतुरे केलं नाही. ते सुरू झालं गावी परत आल्यावर. कचेरीत.”

या वाक्याने आमच्या यादीचा प्रश्न एकदम वेगळ्या जागी नेऊन ठेवला. मराठीत देवाला आपण ‘तू’ म्हणतो. वारकरी विठ्ठलाला म्हणतो, ख्रिस्ती माणूस प्रार्थनेत आपल्या पित्याला म्हणतो. आईलाही ‘तू’च. धर्मोपदेशकाला मात्र ‘तुम्ही’. म्हणजे आदरार्थी बहुवचन हे फार जवळच्यांसाठी नाही. ते मधल्या अंतरावरच्या माणसांसाठी आहे. येथवर सारे गोड आहे. पण मराठीत आणखी एक ‘तू’ आहे. तो कचेरीतला, एस.टी.च्या थांब्यावरचा, सावकाराच्या ओट्यावरचा. आदिवासी माणूस सत्तर वर्षांचा असला तरी तिशीतला कारकून त्याला जो ‘तू’ म्हणतो तो. व्याकरणात हे दोन्ही ‘तू’ एकच आहेत. ऐकणाऱ्याला त्यांतला फरक पहिल्या अक्षरालाच कळतो.

याच जिल्ह्याने या ‘तू’ला एक उत्तर दिलेले आहे आणि ते मराठीच्या अभ्यासकांनी लक्षात ठेवावे असे आहे. तळोदे तालुक्यातल्या मोरवडला १९३०च्या दशकाच्या अखेरीस गुलाम महाराजांनी भिल्लांमध्ये एक चळवळ सुरू केली. दारू सोडा, स्वच्छ राहा, ही तिची शिकवण. त्यांच्यानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी ती पुढे चालवली. तिची ओळख झाली ती मात्र एका सर्वनामाने. अनुयायी एकमेकांना ‘आप’ म्हणत. म्हणून तो ‘आप’ पंथ. उपाध्या वाटून माणसे मोठी करण्यापेक्षा सर्वनामच सर्वांना सारखे देऊन टाकले. मराठीतला ‘आपण’ त्यांनी का घेतला नाही हे आम्ही सांगू शकत नाही. पण ज्या भाषेतून रोज ‘तू’ ऐकायचा तिच्यातलाच आदर उसना घ्यावा असे वाटले नसेल, तर त्यात नवल नाही.

हे सारे मनात ठेवून आम्ही पुन्हा यादीकडे वळलो. सुचवण्या अनेक आल्या. सगळ्यांनाच ‘रेव्ह.’ लावा, असे एक जण म्हणाले. पण ज्यांची दीक्षा झालेली नाही त्यांना ती उपाधी देणे खोटे ठरले असते, आणि त्यांना ती हवी होती असे कोणी सांगितलेही नव्हते. दुसरे म्हणाले, सगळ्यांच्याच उपाध्या काढा. ही सूचना न्यायाची वाटते, पण तिच्यात एक खोच आहे. परदेशी डॉक्टरांचे नाव उपाधीवाचून छापले तर ते साधेपणाचे लक्षण दिसते. आदिवासी सुवार्तिकाचे नाव उपाधीवाचून छापले तर ते आजवर जसे छापले जात होते तसेच दिसते. दोघांचे नाव सारखे उघडे करून दोघे सारखे होत नाहीत.

मग आमचे लक्ष नावांवरून क्रियापदांकडे गेले. जुन्या वहीत प्रत्येक नावापुढे एक-दोन ओळींची माहिती होती. परदेशी साहेब ‘आले’, ‘राहिले’, ‘मायदेशी परतले’. शिकलेले पाळक ‘रुजू झाले’. आणि इथला सुवार्तिक ‘आला’, ‘राहिला’, ‘तापाने मेला’. वही लिहिणाऱ्याच्या मनात अपमान नसावा. कदाचित तो स्वतः इथलाच असेल आणि घरच्या माणसाबद्दल लिहावे तसे त्याने लिहिले असेल. पण छापल्यावर तो घरचा ‘तू’ राहत नाही, कचेरीतला होतो. आम्ही उपाध्या होत्या तशा ठेवल्या. ज्यांना उपाधी नव्हती त्यांच्या नावामागे त्यांचे काम लिहिले : सुवार्तिक, रात्रशाळेचे शिक्षक, मंडळीचे वडील. आणि क्रियापदे बदलली. आले, राहिले, तापाने वारले. जुळारी मुलाने ‘मेला’चे ‘वारले’ करताना विचारले नाही. त्याच्या आजोबांचे नाव त्या पानावर होते, हे आम्हांला नंतर कळले.

साहित्याच्या वर्गात आम्ही आदरार्थी बहुवचन हा व्याकरणाचा दोन गुणांचा प्रश्न म्हणून शिकवत आलो आहोत. यापुढेही तो परीक्षेत दोनच गुणांना येईल. पण कोणत्या माणसाबद्दल लिहिताना आपली लेखणी न विचारता ‘आले’ लिहिते आणि कोणाबद्दल ‘आला’, हे विद्यार्थ्यांनी स्वतःच्याच गावच्या जुन्या वह्यांत, इतिवृत्तांत, वर्तमानपत्रांत शोधून पाहावे असे आता वाटते.

यादीत एक उणीव राहिली आहे. घरोघर जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, बाळंतिणीजवळ बसणाऱ्या ज्या बाया होत्या, त्यांची नोंद वहीत नाही. म्हाताऱ्या माणसांना त्या आठवतात, पण अमक्याची आई, तमक्या गावची बाई अशाच. स्मरणिकेत त्यांच्यासाठी अर्धे पान कोरे ठेवून घेतले आहे, आणि मंडळीतल्या मुली रविवारी घरोघर जाऊन नावे विचारत आहेत. आतापर्यंत चार मिळाली.